उपचार एका दिवसाचा, हिशेब वर्षांचा
(पीयूषिका ग्रंथीच्या गाठींवरील केंद्रित किरणोपचार : प्रस्तावना)

पीयूषिका ग्रंथीच्या गाठीवर रेडिएशन घेतलेला रुग्ण सहा महिन्यांनी एमआरआयच्या फिल्म घेऊन तपासणीला येतो, तेव्हा घरच्यांचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘गाठ गेली का?’ फिल्मवर गाठ होती तशीच दिसत असते. डॉक्टर म्हणतात, ‘वाढलेली नाही, चांगलं आहे.’ एवढा खर्च केला, एवढ्या लांब आलो, आणि गाठ जागच्या जागी असेल तर त्यात चांगलं काय, हे त्यांना उमजत नाही. विचारायचा संकोच वाटतो, आणि बाहेर रांग लागलेली असते. हे पुस्तक त्या न विचारलेल्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर आहे. ते मराठीत लिहिले गेले, याचा मला मनापासून आनंद आहे.

या उपचाराला दोन मापे आहेत. जागेच्या बाबतीत तो मिलिमीटरमध्ये मोजला जातो आणि काळाच्या बाबतीत वर्षांमध्ये. पहिल्या मापाचे कौतुक सगळीकडे होते : चिरफाड नाही, टाके नाहीत, बहुतेकदा एका दिवसात घरी. दुसरे माप समजावून सांगायला मात्र कोणाला सवड नसते. माझ्या मते रुग्णाचे पुढचे सारे आयुष्य या दुसऱ्या मापावर अवलंबून असते. म्हणून या प्रस्तावनेत दोन्हींची ओळख करून देतो, आणि भर दुसऱ्यावर ठेवतो.

आधी ग्रंथीविषयी. दवाखान्यात सगळे जिला ‘पिच्युइटरी’ म्हणतात ती पीयूषिका ग्रंथी वाटाण्याएवढी असते. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाच्या हाडातील एका खळग्यात ती बसलेली असते आणि बारीक देठाने मेंदूतील हायपोथॅलॅमसशी जोडलेली असते. शरीराची वाढ, थायरॉइडचे काम, संकटात शरीराला तगवून धरणारे कॉर्टिसॉल, पाळी, पुरुषत्व, आईचे दूध, लघवीतून किती पाणी जावे याचे नियंत्रण, या सगळ्यांची सूत्रे तिच्या संप्रेरकांकडे आहेत. तिचा शेजारही नाजूक आहे. खळग्याच्या वर काही मिलिमीटरवर दोन्ही डोळ्यांच्या दृष्टीनसा एकत्र येतात आणि त्यांतले निम्मे तंतू एकमेकांना छेदून जातात. या जागेला ऑप्टिक कायाझम म्हणतात. डाव्या-उजव्या बाजूंना कॅव्हर्नस सायनस नावाच्या, अशुद्ध रक्ताने भरलेल्या पोकळ्या आहेत. त्यांतून मेंदूला रक्त पुरवणारी कॅरोटिड धमनी जाते आणि डोळा हलवणाऱ्या नसाही जातात. हा शेजार वाचकाने नीट लक्षात ठेवावा. उपचाराचा जवळजवळ प्रत्येक निर्णय त्याच्याकडे पाहून घेतला जातो.

या ग्रंथीच्या गाठी जवळपास नेहमीच साध्या असतात, कर्करोगाच्या नसतात. ‘ट्यूमर’ हा शब्द कानावर पडताच घरात रडारड सुरू होते, म्हणून हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगायला हवे. पण साधी गाठ म्हणजे बिनधोक गाठ असेही नाही. काही गाठी एखादे संप्रेरक बेसुमार तयार करतात. प्रोलॅक्टिन वाढले की पाळी थांबते, बाळ नसताना स्तनांतून दूध येते, मूल होत नाही. आपल्याकडे अशा वेळी वर्षानुवर्षे बाईला बोल लावला जातो आणि एक साधी रक्ततपासणी राहून जाते. वाढीचे संप्रेरक जास्त झाले की ॲक्रोमेगॅली होते : अंगठी बोटातून निघत नाही, पायातली जोडवी रुतू लागतात, चपलेचा नंबर वाढत जातो, जबडा पुढे येतो. बदल इतका सावकाश होतो की रोज पाहणाऱ्यांच्या ध्यानातच येत नाही. कुशिंग रोगात कॉर्टिसॉल वाढते. चेहरा गोल आणि लाल होतो, पोट सुटते आणि हातपाय मात्र काटकुळे होतात, पोटावर जांभळे पट्टे उमटतात, रक्तदाब आणि साखर आवाक्यात राहत नाही. काही गाठी कोणतेच संप्रेरक सोडत नाहीत. त्या गुपचूप मोठ्या होतात आणि वर दृष्टीनसांवर दाब आणतात. मग दोन्ही बाजूंचे दिसणे कमी होते. माणूस दाराच्या चौकटीला धडकतो, स्कूटर चालवताना बाजूने आलेले वाहन त्याला दिसत नाही, आणि चष्म्याचा नंबर बदलूनही फरक पडत नाही.

अशा गाठीवर पहिला उपचार सहसा किरणांचा नसतो, हे या पुस्तकात वारंवार सांगितले आहे ते योग्यच आहे. प्रोलॅक्टिनच्या गाठी बहुतेक वेळा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आक्रसतात. इतर गाठींवर नाकावाटे शस्त्रक्रिया करतात. त्यानंतरही गाठीचा काही भाग उरला, तो पुन्हा वाढू लागला, शस्त्रक्रिया आणि औषधे होऊनही संप्रेरक खाली येत नसले, किंवा रुग्णाची प्रकृती शस्त्रक्रिया झेपण्यासारखी नसली, तर किरणोपचाराचा विचार होतो. त्याला शेवटचा पर्याय समजून घाबरू नये आणि सोपा पर्याय समजून त्याच्यामागे धावूही नये. त्याची वेळ आणि जागा ठरलेली आहे.

ही वेळ आणि जागा ठरायला शतकभर लागले. पिएर मारी यांनी ॲक्रोमेगॅलीचे वर्णन करून तिला नाव दिले ते १८८६ मध्ये. १९०७ मध्ये इन्सब्रुकला हेरमान श्लोफर यांनी नाकाच्या वाटेने या गाठीवर पहिली शस्त्रक्रिया केली. लगोलग १९०९ मध्ये पॅरिसच्या आंत्वान बेक्लेर यांनी पीयूषिकेच्या गाठीवर क्ष-किरणांचा प्रयोग केला. शस्त्र आणि किरण हे दोन्ही मार्ग या छोट्या ग्रंथीकडे जवळजवळ एकाच वेळी निघाले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. पुढे अनेक दशके रेडिएशन म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे, रोज थोडी थोडी मात्रा अशी पद्धत राहिली. गाठ आवरण्यात ती उत्तम ठरली. दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊ रुग्णांची गाठ पुन्हा वाढलेली नसे. पण जुन्या यंत्रांच्या रुंद झोतात आजूबाजूचा मेंदूही येई, आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक रुग्णांत पुढील वर्षांत ग्रंथीचे काम मंदावत जाई.

किरण गाठीपुरतेच ठेवता आले तर? स्टॉकहोमचे मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी या प्रश्नाला उत्तर दिले. १९४९ मध्ये त्यांनी डोक्याला घट्ट बसणारी एक चौकट तयार केली. तिच्या आधारे मेंदूतला कोणताही बिंदू लांबी, रुंदी आणि खोली या तीन आकड्यांत सांगता येऊ लागला. १९५१ मध्ये त्यांनी त्या बिंदूवर अनेक दिशांनी किरण सोडण्याची कल्पना मांडली आणि तिला ‘रेडिओसर्जरी’ म्हटले. उप्सालाचे भौतिकशास्त्रज्ञ बोर्ये लार्सन यांच्यासह त्यांनी आधी प्रोटॉनवर काम केले. मग रुग्णालयात वापरता येईल असे यंत्र हवे म्हणून ते कोबाल्ट-६० कडे वळले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्टॉकहोममध्ये पहिले ‘गॅमा नाइफ’ उभे राहिले. त्यात कोबाल्टचे १७९ स्रोत होते.

त्याच काळात अटलांटिकपलीकडे तर पीयूषिका ग्रंथीच केंद्रस्थानी होती. बर्कली येथे जॉन लॉरेन्स यांनी १९५४ मध्ये माणसावर प्रोटॉन किरणांचा पहिला उपचार केला तो पीयूषिकेवरच. तिथले सुरुवातीचे रुग्ण स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगाचे होते आणि ग्रंथीचे संप्रेरक थांबवून रोगाला आळा घालण्याचा तो प्रयत्न होता. नंतर हार्वर्डच्या सायक्लोट्रॉनवर रेमंड केलबर्ग यांनी ॲक्रोमेगॅलीच्या रुग्णांवर प्रोटॉन वापरले. या दोघांनी हीच ग्रंथी का निवडली? तेव्हा सीटी स्कॅन नव्हता, एमआरआय नव्हता. मेंदूतली मऊ गाठ साध्या क्ष-किरणांत दिसत नसे, पण पीयूषिकेचा हाडाचा खळगा स्पष्ट दिसे. ग्रंथी दिसली नाही तरी तिचे घर दिसत होते, आणि त्यावरून नेम धरता येत होता.

आता पहिले माप, जागेचे. गॅमा नाइफमध्ये सुरी नसते आणि कवटीला छेदही नसतो. आजच्या यंत्रांत कोबाल्टचे १९२ स्रोत असतात. प्रत्येकातून निघणारा किरण एकट्याने फारच दुबळा असतो. तो मेंदूतून जाताना वाटेतल्या पेशींना नगण्य मात्रा देतो. सगळे किरण ज्या बिंदूत भेटतात तिथे मात्र मात्रा एकदम चढते आणि बिंदूच्या बाहेर काही मिलिमीटरमध्येच झपाट्याने उतरते. असे अनेक बिंदू एकमेकांना जोडून गाठीच्या आकाराशी जुळणारा मात्रेचा साचा तयार करतात. हेच काम यंत्रमानवी हातावर बसवलेल्या लिनॅकने (किरण निर्माण करणाऱ्या रेषीय त्वरकाने), म्हणजे सायबरनाइफनेही होते. ते घडवणारे स्टॅनफर्डचे जॉन अ‍ॅडलर हे स्टॉकहोमला लेक्सेल यांच्याकडे शिकून गेलेले. प्रोटॉनची रीत निराळी : ते ठरलेल्या खोलीपर्यंत जाऊन तिथेच आपली ऊर्जा टाकतात आणि पलीकडे जवळपास जात नाहीत. आपल्या राज्यात खारघरला टाटा स्मारक केंद्राचे प्रोटॉन केंद्र आहे. यंत्रांच्या नावांवरून रुग्णांमध्ये जी स्पर्धा चालते तिला फारसा अर्थ नाही. गाठ कुठे आहे, किती मोठी आहे आणि आखणी कोण करते, याला खरे महत्त्व आहे.

आखणीत तिघांची मते लागतात : मेंदूशल्यविशारद, किरणोपचारतज्ज्ञ आणि वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ. या तिसऱ्या माणसाला रुग्ण क्वचितच भेटतो, पण मात्रेचा प्रत्येक आकडा त्याच्या हाताखालून जातो. देशातल्या अनेक वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांचे शिक्षण मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात झालेले आहे. अशा प्रत्येक यंत्राला परवानगी देणारे आणि त्यावर देखरेख करणारे अणुऊर्जा नियामक मंडळही मुंबईतच, अणुशक्तीनगरात आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतात गॅमा नाइफ आले ते मुंबईचे हिंदुजा रुग्णालय आणि दिल्लीचे एम्स यांच्याकडे. म्हणजे मराठी रुग्णाला हा उपचार जवळ येऊन पाव शतक उलटले. त्याची नीट माहिती देणारे मराठी पुस्तक मात्र हाताशी नव्हते.

आखणीचा गाभा आकड्यांत सांगता येतो. संप्रेरक न सोडणाऱ्या गाठीची वाढ थांबवायला एका बैठकीत साधारण १४ ते १६ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रा पुरते. संप्रेरक सोडणारी गाठ नुसती थांबून भागत नाही, तिचा स्राव बंद पडावा लागतो. त्यासाठी २० ते २५ ग्रे किंवा थोडी अधिक मात्रा देतात. दृष्टीनसा मात्र एका बैठकीत ८ ग्रेच्या आसपासच सुरक्षित मानल्या जातात, फार तर किंचित वर. म्हणून गाठ आणि दृष्टीनसा यांच्यात ३ ते ५ मिलिमीटर अंतर असावे असे डॉक्टर म्हणतात. गाठ दृष्टीनसांना चिकटलेली असेल तर एकाच दिवसाचा उपचार करू नये. अशा वेळी तीच ताकद २५ ते ३० बैठकांत विभागून, रोज १.८ ग्रेप्रमाणे देतात, किंवा काही ठिकाणी पाच बैठकांत देतात. दोन बैठकांमधल्या वेळात निरोगी नसा स्वतःची डागडुजी करून घेतात. ‘शेजारच्या बेडवरच्या माणसाचं एका दिवसात झालं, मग मलाच दीड महिना का?’ या प्रश्नाचे उत्तर या चार-दोन मिलिमीटरमध्ये आहे. दीड महिन्याचा उपचार दुय्यम दर्जाचा नाही. त्या रुग्णाची दृष्टी वाचवण्याचा तोच मार्ग आहे.

याच ठिकाणी शस्त्र आणि किरण एकमेकांच्या मदतीला येतात. कॅव्हर्नस सायनसमध्ये शिरलेली गाठ शल्यविशारदाला पूर्ण काढता येत नाही, कारण तिथे कॅरोटिड आहे. पण तिथल्या डोळा हलवणाऱ्या नसा दृष्टीनसांपेक्षा किरण बरेच जास्त सहन करतात, त्यामुळे ती जागा किरणांना अनुकूल आहे. उलट दृष्टीनसांना भिडलेला भाग किरणांसाठी धोक्याचा, पण शस्त्रक्रियेने मोकळा करता येण्यासारखा. चांगला शल्यविशारद वरचा भाग काढून दृष्टीनसांखाली थोडी मोकळी जागा तयार करतो, आणि बाजूला उरलेल्या भागाची जबाबदारी किरणांवर सोपवतो. शस्त्रक्रियेनंतर ‘थोडी गाठ ठेवली’ हे ऐकून संतापणाऱ्या नातेवाइकांनी पुस्तकातील याविषयीचे प्रकरण आवर्जून वाचावे. बऱ्याचदा ती राखलेली असते, राहिलेली नसते.

प्रत्यक्ष उपचाराच्या दिवसाविषयी थोडक्यात. चौकट वापरायची असेल तर जागा बधिर करून चार स्क्रूंनी ती डोक्याला बसवतात. नव्या यंत्रांत काही वेळा मुखवट्यावरही काम भागते. मग एमआरआय, मग आखणी, मग यंत्रात निवांत पडून राहायचे. किरण दिसत नाहीत, दुखत नाहीत. वेळ प्रत्येकाला वेगळा लागतो. कोबाल्ट-६० ची तीव्रता साधारण सव्वापाच वर्षांत निम्मी होते, म्हणून जुन्या स्रोतांच्या यंत्रात तीच मात्रा द्यायला जास्त वेळ जातो. मात्रेत फरक नसतो. घरी गेल्यावर रुग्णाच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत. नातवंडाला जवळ घ्यावे, एका ताटात जेवावे.

आणि आता दुसरे माप. किरण गाठ जाळून टाकत नाहीत. ते पेशींमधील डीएनएचे धागे तोडतात. पेशी लगेच मरत नाही; विभाजनाची वेळ आली की तिला ते जमत नाही. या गाठींच्या पेशी मुळात सावकाश विभागतात, म्हणून परिणामही सावकाश दिसतो. गाठ आहे तेवढीच राहिली तरी तो विजय असतो. पुष्कळांची काही वर्षांत लहानही होते. उत्तर अमेरिकेतील अनेक केंद्रांनी मिळून संप्रेरक न सोडणाऱ्या गाठींच्या ५१२ रुग्णांचा आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतल्या ९३ टक्के रुग्णांची गाठ आवाक्यात राहिली होती. ‘वाढलेली नाही, चांगलं आहे’ या वाक्यामागे एवढा अर्थ आहे.

संप्रेरकांचा प्रवास याहून खडतर. ॲक्रोमेगॅली आणि कुशिंगमध्ये किरणांनंतर साधारण निम्म्या रुग्णांचे संप्रेरक औषधांशिवाय आटोक्यात येते. कुशिंगमध्ये बहुधा वर्ष-दोन वर्षांत फरक दिसतो, ॲक्रोमेगॅलीत त्याहून जास्त काळ लागू शकतो. तोपर्यंत रोग शरीराचे नुकसान करतच असतो, म्हणून मधल्या काळात औषधे चालू ठेवावी लागतात. ‘रेडिएशन झालं, आता गोळ्या कशाला?’ म्हणून औषध स्वतःच बंद करणारे रुग्ण आम्हाला नेहमी भेटतात. मधूनमधून औषध थांबवून रक्त तपासायचे असते हे खरे, पण ते कधी थांबवायचे हे डॉक्टरांनी ठरवायचे.

याच वर्षांत निरोगी ग्रंथीही हळूहळू थकते. वर सांगितलेल्या आढाव्यात २१ टक्के रुग्णांत एखादे संप्रेरक नव्याने कमी झाले किंवा आधीची कमतरता वाढली, आणि काळ जाईल तसा हा आकडा चढतो. थकवा, भूक नसणे, थंडी सहन न होणे, पाळी जाणे, पुरुषांमधील दुर्बलता, यांना लोक ‘वय झालं’ किंवा ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देतात. त्यातली सर्वांत धोक्याची कमतरता कॉर्टिसॉलची. ज्याला हायड्रोकॉर्टिसोन किंवा तत्सम गोळी सुरू झाली आहे त्याने ती एक दिवसही चुकवू नये. ताप आला तर डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे मात्रा वाढवावी, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनसाठी लगेच रुग्णालय गाठावे. खिशात तशी चिठ्ठी असावी. थायरॉइडची आणि कॉर्टिसॉलची कमतरता एकत्र आढळली तर आधी कॉर्टिसॉल भरून काढायचे आणि मग थायरॉइडची गोळी. हा क्रम गावच्या डॉक्टरांनाही ठाऊक असायला हवा, म्हणून त्यांच्यासाठीचे प्रकरण मला या पुस्तकाचा सर्वांत मोलाचा भाग वाटते. मूल हवे असलेल्या जोडप्याने त्याविषयी उपचाराआधीच बोलावे. दृष्टीला इजा होणे नीट आखणी केलेल्या उपचारात क्वचितच घडते, आणि किरणांमुळे बऱ्याच वर्षांनी नवी गाठ होणे त्याहूनही दुर्मीळ. तरी हे दोन्ही धोके रुग्णाला आधी सांगायचे असतात, आणि पुस्तकात ते न लपवता सांगितले आहेत.

गडचिरोली, नांदेड किंवा सिंधुदुर्गातून मुंबईला येणाऱ्या रुग्णाला उपचाराचा दिवस कसाबसा जमवता येतो. त्यानंतरची वर्षे जमवणे अवघड असते. गाडीभाडे, बुडालेली मजुरी, सोबतीला येणाऱ्याची रजा, यांमुळे तपासण्या आधी लांबतात आणि मग सुटतात. आमच्या व्यवस्थेत इथे मोठी उणीव आहे आणि ती भरून काढणे आम्हा डॉक्टरांचे काम आहे. संप्रेरकांच्या बहुतेक रक्ततपासण्यांचे नमुने जिल्ह्याच्या ठिकाणी देता येतात. दृष्टिक्षेत्राची तपासणी जवळच्या नेत्ररुग्णालयात होऊ शकते. अहवाल फोनवरून पाठवता येतात. मुंबईला यायचे ते एमआरआय आणि औषधबदलासाठी. असा आराखडा उपचाराच्या दिवशीच लिहून रुग्णाच्या हाती द्यायला हवा.

वाचकांना माझी विनंती एवढीच. पुस्तक एका बैठकीत वाचून बाजूला ठेवू नका. उपचाराआधी पहिला भाग वाचा आणि मनात आलेले प्रश्न कागदावर लिहून घेऊन जा : माझी गाठ दृष्टीनसांपासून किती दूर आहे, एका बैठकीचा उपचार की विभागलेला आणि का, कोणत्या संप्रेरकाची तपासणी किती महिन्यांनी. उपचारानंतर दुसरा भाग हाताशी ठेवा आणि एक फाइल करा, तिच्यात पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक अहवाल आणि मात्रेचा आराखडा असू द्या. पंधरा वर्षांनी तुमच्यासमोर बसलेला डॉक्टर वेगळा असेल, यंत्रही बदललेले असेल. तुमच्या गाठीचा पूर्ण इतिहास त्या दिवशी तुमच्या फाइलमध्ये मिळायला हवा. तो मिळाला तर योग्य निर्णय लवकर होईल, आणि या पुस्तकासाठी घेतलेल्या कष्टांचे चीज होईल.